एका खेपेत जिना चढणारा ड्रमसेट

आमच्या तिघांच्या बँडमध्ये गिटारवाला जिना चढतो, पाणी पितो, तारा सुरात लावतो आणि मग कठड्यावरून वाकून विचारतो, "अजून किती राहिलंय रे?" मी तेव्हा तिसऱ्या खेपेला असायचो. डोंबिवलीत तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि पाच ड्रमचा भलामोठा सेट. वाजवायचं दीड तास, हमाली दोन तास.

एका रविवारी दारावर आलेल्या रद्दीवाल्याला थांबवलं आणि त्याच्या काट्यावर एकेक पिशवी अडकवली. त्याला वाटलं मी सगळं विकतोय. भावही सांगायला लागला. आकडे असे निघाले: २२ इंची बास ड्रम ९ किलो, तीन टॉम (काठ्यांनी वाजवायचे साधे ड्रम) मिळून ११, स्नेअर (खालच्या पडद्याला तारा लावलेला ड्रम) ४, सिंबल्स (धातूच्या थाळ्या) ७. आणि स्टँडची बॅग? २६ किलो. म्हणजे जे वाजतच नाही, ते सगळ्या ड्रमपेक्षा जड. तोवर मी छोटा सेट म्हणजे छोटे ड्रम असंच धरून चाललो होतो. ड्रम लहान केले की जागा वाचते, रिक्षात बसता येतं. पण कंबर वाचवायची असेल तर स्टँडकडे बघावं लागतं. दोन्ही केलं तरच सेट एका खेपेत वर जातो.

नव्याने सेट जमवणाऱ्यांसाठी, आणि मोठ्या सेटला वैतागलेल्यांसाठीही, मी काय केलं आणि काय करायला नको होतं, ते क्रमाने सांगतो.

आधी हात मोजा

खरेदीच्या आधी एक हिशेब कागदावर करा. माणसाला दोन हात आणि एक पाठ. पाठीवर सिंबलची पिशवी जाते. एका हातात बास ड्रम. दुसऱ्या हातात स्टँडची बॅग, शक्यतो चाकांची, पण जिन्यात चाकं काही उपयोगाची नाहीत, तिथे ती उचलावीच लागते. राहिले स्नेअर आणि टॉम. एक खांद्यावर तिरका टांगायचा, दुसरा बास ड्रमच्या पिशवीला पट्ट्याने बांधायचा. याच्या पलीकडे काही घ्यायचं म्हटलं की दुसरी खेप आलीच. त्यामुळे माझ्या सेटची व्याख्या सोपी आहे: बास ड्रम, स्नेअर, एक टॉम, हाय-हॅट (पायाने उघडमीट करायची सिंबल्सची जोडी) आणि वर एकच सिंबल. दुसरा टॉम घ्यावासा वाटला की मी जिना आठवतो.

आपण वाजवणार कुठे, हेही लिहून काढा. कॅफेचा कोपरा, कुणाच्या घरची मैफल, सोसायटीची दिवाळी पहाट, अशा ठिकाणी छोटा सेट शोभतो, कारण तिथे माइक नसतो किंवा एखादाच असतो आणि मोठा सेट गायकाला गिळून टाकतो. उघड्या मैदानावर, मोठ्या स्टेजवर, बिनमाइकचा १६ इंची बास ड्रम मात्र चौथ्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. तिथली अपेक्षा या सेटकडून ठेवू नका.

किती इंचांचा?

बास ड्रम म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. वाजवणारी मंडळी त्याला किकच म्हणतात, मीही म्हणतो. सेटचा आकार किकवर ठरतो. रॉक बँडच्या सेटमध्ये ती साधारण २२ इंचांची असते. छोट्या सेटमध्ये निवड १८ आणि १६ यांच्यात.

१८ इंची किक ही काही हल्लीची टूम नव्हे. १९५० आणि ६०च्या दशकांत बीबॉप (जॅझचा एक वेगवान प्रकार) वाजवणारे ड्रमर हाच आकार वापरू लागले. सोबत १२ इंचांचा टॉम आणि १४ इंचांचा फ्लोअर टॉम, म्हणजे स्वतःच्या पायांवर जमिनीवर उभा राहणारा टॉम. छोटे क्लब, चार-पाच वादक, दाटीवाटीची जागा. मुळात एका माणसाने बसून सगळे ड्रम वाजवायचे हीच कल्पना जागेच्या आणि पैशाच्या टंचाईतून आलेली आहे. विल्यम लुडविगने १९०९ साली पायाचं पेडल बाजारात आणलं आणि दोन-तीन वादकांचं काम एकाला जमायला लागलं. आपल्याकडे मुंबईच्या हॉटेलांमधून हा सेट लोकांच्या कानांवर घालण्यात गोवेकर वादकांचा वाटा मोठा.

१८ इंची किकचा आवाज गोल आणि सुरेल असतो, आणि ती बहुतेक रिक्षांत मांडीवर न घेता पायाशी मावते. १६ इंची किक आणखी सुटसुटीत, पण तिच्यातून खर्ज काढायला मेहनत पडते. पहिलाच सेट घेताय आणि घरात थोडी जागा आहे, तर १८ घ्या. माझ्यासारखा जिना असेल तर १६.

तयार सेट हवा असेल तर दुकानात ही नावं विचारा. ग्रेचचा कॅटलिना क्लब: १८ इंची किक, १२ आणि १४ चे टॉम, १४ चा स्नेअर. टामाचा क्लब-जॅम: किक १८ इंच व्यासाची पण फक्त १२ इंच खोल, त्यामुळे हातात धरायला सोपी. पर्लचा मिडटाउन आणि लुडविगचा ब्रेकबीट्स हे दोन्ही १६ इंची किकचे. ब्रेकबीट्स ‘द रूट्स’ या बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह याच्यासोबत केलेला आहे. मापं वाचताना जपा: काही कंपन्या व्यास आधी लिहितात, काही खोली आधी. ‘१४ बाय १६’ म्हणजे नक्की काय, हे विक्रेत्याला तोंडी विचारलेलं बरं. आणखी एक: असे सेट बहुतेक वेळा नुसत्या ड्रमचे असतात. स्टँड, पेडल, सिंबल्स वेगळे घ्यावे लागतात. किंमत बघून हुरळलेले किती तरी जण इथे आपटलेले आहेत.

फ्लोअर टॉमची किक करणं

मी तयार सेट घेतला नाही. एका जुन्या सेटमधला १६ बाय १६ चा फ्लोअर टॉम सुटा मिळत होता, तो घेतला आणि त्याचीच किक केली. हे काम नवख्यालाही जमतं, भोकंही पाडावी लागत नाहीत. पैसे वाचतात आणि ड्रमच्या पोटात काय असतं ते कळतं.

जुना ड्रम विकत घेण्याआधी त्याची कड तपासा. दोन्ही हेड काढून टाका. हेड म्हणजे वरचा प्लास्टिकचा पडदा, ढोलपथकात ज्याला पान म्हणतात ते. आता नुसतं लाकडी नळकांडं राहतं. ते स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उभं ठेवा, आत मोबाइलचा टॉर्च लावा, वरून जाड पुठ्ठा झाका आणि दिवे घालवा. कड सपाट असेल तर खालून उजेड दिसत नाही. कुठे बारीक रेघ दिसली तर तिथे कड झिजलीय किंवा लाकूड वाकलंय. केसाएवढी रेघ चालते. नखाएवढी फट दिसली तर ड्रम परत करा, तो कधीच नीट लागणार नाही. माझ्या पहिल्या ड्रमची रेघ ओट्याच्या एका बाजूने बोटभर रुंद होती. आईने तेवढ्यात दिवा लावला आणि विचारलं, "कुकर कुठे ठेवू?" तो ड्रम दुसऱ्या दिवशी परत गेला.

आता ड्रम आडवा करा. फ्लोअर टॉमला पाय अडकवायचे तीन ब्रॅकेट असतात, सारख्या अंतरावर. एक ब्रॅकेट वर आकाशाकडे ठेवला की उरलेले दोन खाली डावी-उजवीकडे येतात. त्यांतच पुढचे पाय बसवायचे. सरळ पाय चालणार नाहीत. ते आडव्या ड्रममधून जमिनीला समांतर बाहेर येतील. पायांचे दोन जादा दांडे घ्या आणि ग्रिलचं काम करणाऱ्याकडून वाकवून आणा. हिशेब असा: आडव्या १६ इंची ड्रममध्ये हे दोन ब्रॅकेट ड्रमच्या तळापासून साधारण ४ इंच उंचीवर येतात. ड्रम आपण आणखी अडीच-तीन इंच उचलणार आहोत. पाय थोडे बाहेरच्या बाजूला फाकलेले हवेत, नाहीतर ड्रम डुलतो. म्हणून वाकवलेला भाग ८-९ इंचांचा ठेवा. दांडा पुढून ब्रॅकेटमध्ये सरकवायचा आणि स्क्रू पिळायचा. पूर्वी वर असलेलं हेड आता तुमच्या पायाकडे येतं, खालचं प्रेक्षकांकडे.

ड्रम उचलायचा कशासाठी? पेडलचा बीटर, म्हणजे हेडवर आपटणारा गोळा, मोठ्या किकच्या मापाने बनवलेला असतो. २२ इंची किकचा मध्य तळापासून ११ इंचांवर, १६ इंचीचा ८ वर. ड्रम जमिनीवर ठेवला तर बीटर मध्याच्या बराच वर, काठाकडे आपटतो आणि ‘धम’ऐवजी ‘टक’ येतो. बीटरचा दांडा खाली ओढून बसवता येतो, पण मग पेडल पायाला वेगळंच लागतं, झोका तुटतो. त्यापेक्षा राइझर लावा. हा एक छोटा लोखंडी पाट असतो; ड्रमच्या मागच्या कड्याला, म्हणजे हूपला, खालून पकडतो, ड्रम उचलून धरतो आणि पेडलला चावायला सपाट पट्टी देतो.

मी पैसे वाचवायला पहिला राइझर सुताराकडून लाकडाचा करून घेतला होता. दिसायला झकास. तिसऱ्या कार्यक्रमात, दुसऱ्याच गाण्यात, पट्टी उभी चिरली आणि पेडल माझ्या बुटासकट ड्रमखाली गेलं. गायिकेने मागे वळून पाहिलं, मी हाताने फ्लोअर टॉम बडवत गाणं पूर्ण केलं. राइझर विकतचाच घ्या.

छोट्या किकमधून खर्ज

लोक इथेच निराश होतात. सेट जमवतात, पहिला ठोका मारतात आणि म्हणतात, हा तर टॉमच वाजतोय. वाजणारच, तो टॉमच आहे. त्याला किक करायची ती हेडने आणि ताणाने.

पायाकडच्या बाजूला जड हेड घ्या. साधं एकपदरी हेड १० मिल जाडीचं असतं, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. दुपदरी हेड त्याहून जाड, त्यामुळे तेवढ्याच ताणावर सूर खाली जातो. किंवा काठाला आतून कडं असलेलं हेड घ्या. रेमोचं पॉवरस्ट्रोक ३ किंवा इव्हान्सचं इमॅड १६ इंचांतही मिळतं. पडद्यावर वजन चढवलं की सूर उतरतो, हे आपल्याला नवीन नाही. ढोलकीच्या धुमेला, म्हणजे खर्जाच्या बाजूला, आतून मसाला लावतात तो याचसाठी. तबल्या-मृदंगावरची शाई सूर तर उतरवतेच, वर उपस्वरांनाही शिस्त लावते, त्यावर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली लिहिलं होतं. किकच्या हेडवर बीटर लागतो तिथे चिकटवायची जाड चकती मिळते, तीही थोडंफार हेच काम करते, शिवाय हेड फाटत नाही.

आता ताण. मागचं हेड बसवा, हूप बसवा, सगळे रॉड, म्हणजे हूप ओढून हेड ताणणारे लांब स्क्रू, बोटांनी पिळता येतील तेवढे पिळा. मग तळहात मधोमध ठेवून दाबा. काठाला सुरकुत्या दिसतील. ड्रमच्या चावीने एक रॉड पाव वळसा, मग त्याच्या समोरचा पाव वळसा, असं समोरासमोर जात राहा. सायकलच्या चाकाच्या तारा ओढतात तसं. शेजारी-शेजारी पिळत गेलात तर हेड तिरकं बसतं. ज्या क्षणी शेवटची सुरकुती जाते, तिथे थांबा. अजून जरा, असं मन म्हणेल, ऐकू नका. या अवस्थेत किकचा आवाज जवळून फडफडीत वाटतो, पण चार पावलं मागे जाऊन दुसऱ्याकडून पाय मारून घ्या, तिथे तो खर्जात येतो. ड्रमरच्या खुर्चीवर बसून किक लावणं हा आरशात न बघता दाढी करण्याचा प्रकार आहे.

पुढचं हेड एकपदरी, मागच्यापेक्षा किंचित जास्त ताणलेलं. त्याला भोक पाडू नका. मोठ्या किकला माइकसाठी भोक पाडतात ते ठीक. छोट्या किकमध्ये कोंडलेली हवाच दोन्ही पडदे हलवते आणि आवाजाला आस देते. आत उशा, रजया कोंबायची सवयही इथे सोडा. मोठी किक दाबावी लागते, छोटीला जगू द्यावं लागतं. मी मागच्या हेडला आतून फेल्टची दोन बोटं रुंद पट्टी लावलीय, बास. बीटरही मऊ फेल्टचाच, प्लास्टिकचा नको.

स्नेअर आणि टॉम

स्नेअरमध्ये काटकसर करू नका. छोट्या सेटसोबत १० किंवा १२ इंची स्नेअर घ्यायचा मोह होतो, दिसतोही गोजिरवाणा. पण बँड सगळा ताल त्याच ड्रमवर पकडून चालतो आणि १४ वरून १३ वर आलात तरी पिशवीत बचत होते ती बोटभर. १४ बाय ५ चा साधा स्नेअर सगळं करतो. त्याचं खालचं हेड फक्त ३ मिलचं असतं, कागदासारखं; पिशवीत स्टिक्सची टोकं त्याला लागू देऊ नका. खालच्या तारा वाजवत नसाल तेव्हा सैल सोडा.

टॉम एकच, १३ किंवा १४ इंचांचा, तीन पायांवर उभा राहणारा. किकवर टॉम बसवायचा नाही हा माझा ठाम सल्ला. त्याला लागणारा धारक म्हणजे एक किलो लोखंड, आणि एकदा तो काढला की तिथे सिंबल खाली, हाताशी आणता येते.

टॉम लावताना एक हेड घडी केलेल्या चादरीवर टेकवा म्हणजे ते गप्प बसतं. दुसऱ्या हेडवर प्रत्येक रॉडपासून इंचभर आत बोटाने टिचकी मारत गोल फिरा. सगळीकडे एकच सूर यायला हवा. जिथे खाली आहे तिथे थोडं पिळा. तबला लावताना घरोघर ऐकतोच की आपण. मग उलटा करून दुसरं हेड, जरा वरच्या सुराला.

पैसे कुठे घालायचे

सिंबल्समध्ये. ड्रम स्वस्त असला तरी चांगली हेड घालून, नीट लावून सुधारता येतो. सिंबल जशी आहे तशीच राहते. स्वस्त सेटसोबत फुकट येतात त्या पितळेच्या असतात, म्हणजे तांबं आणि जस्त. आपटली की थाळी पडल्यासारखा आवाज आणि पुढे काही नाही. चांगल्या सिंबल्स काशाच्या, तांबं आणि कथील. बी-८ लिहिलेलं असेल तर ८ टक्के कथील, बी-२० असेल तर २०. बी-८ झगझगीत आणि थेट, बी-२० जास्त खोल आणि रंगदार. आवाजाची ओळख आपल्या कानाला आधीपासून आहे: भजनात काशाचे टाळ आणि पितळेचे टाळ एकदा एकापाठोपाठ ऐकलेत तर मी काय म्हणतोय ते लगेच पटेल.

घ्यायचं काय? हाय-हॅटची १४ इंची जोडी आणि एक १८ ते २० इंची पातळ सिंबल, जिच्यावर ठेकाही धरता येईल आणि जोरात मारली तर फुटल्यासारखी उघडेल. नवं परवडत नसेल तर जुनं चांगलं घ्या. जुन्या सिंबलची कड नखाने चाचपत फिरा, नख कुठे अडकलं तर तिथे तडा आहे. तडा वाढतच जातो.

स्टँड: खरी बचत

बाजारात जे स्टँड सहज मिळतात त्यांचे पाय दुहेरी पट्ट्यांचे असतात. मजबूत, पण एकेक चार-पाच किलोचा. छोट्या सेटला एकेरी पट्टीचे, किंवा पाय जमिनीला सपाट टेकणारे जुन्या पद्धतीचे स्टँड घ्या. यामाहाचा क्रॉसटाउन संच ॲल्युमिनियमचा आहे. दोन सिंबल स्टँड, एक हाय-हॅट, एक स्नेअर, चारही मिळून सुमारे ८ किलो. परवडला तर सरळ तोच घ्या. नाहीतर वेगवेगळ्या कंपन्यांचे हलके नग जमवा, एकसारखे दिसायला हवेत असं काही नाही. माझी २६ किलोंची बॅग आता पेडल आणि बसायच्या स्टुलासकट १३ वर आली आहे.

हलक्या स्टँडला दोन पथ्यं. सिंबलचा दांडा सरळ ठेवायचा, आडवी काठी असेल तर ती बाहेर ओढायची नाही. आणि सिंबल ज्या बाजूला झुकते त्या बाजूला स्टँडचा एक पाय आलाच पाहिजे. मैदानावरच्या खडबडीत जमिनीत सपाट पायांचा स्टँड लडबडतो, तिथे पायावर एक वीट ठेवा.

स्टूल मात्र वगळू नका. मंडपातली प्लास्टिकची खुर्ची मिळेलच, असं म्हणून मी दोनदा गेलो. मिळाली, पण हात असलेली. कोपर आपटून आपटून काळंनिळं पडलं. उंचीही वाजवण्यासारखी नव्हती.

पिशव्या आणि प्रवास

कडक पेट्या छोट्या सेटला नकोत. जाड अस्तराच्या कापडी पिशव्या पुरतात. टॉम किकच्या पोटात घालून एकच पिशवी करता येते. १३ इंची टॉम १६ इंचीत पाय काढून सहज जातो. पण त्यासाठी दर वेळी किकचं पुढचं हेड काढा, परत लावा, परत सुरात आणा. गावाला जाताना करतो, रोजच्या कार्यक्रमाला नाही.

टॅक्सी मागवताना एक लक्षात ठेवा: सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या डिकीत सिलिंडर असतो. ॲपवर गाडी मोठी दिसते, प्रत्यक्षात मागे एक स्नेअर मावतो. त्यामुळे सगळं मागच्या सीटवर जाईल असाच हिशेब धरा. रिक्षात सीटच्या मागच्या खणात टॉम आणि स्टँडची बॅग, किक पायाशी, सिंबल्स मांडीवर. लोकलने जायचं तर दुपारी बारा ते चारच्या मध्ये, आणि किक छातीशी धरून नव्हे, खाली ठेवून. एका काकूंनी माझ्या किकवर भाजीची पिशवी ठेवली होती, कुर्ल्यापर्यंत. हेडला काही झालं नाही.

मांडणी

पोहोचल्यावर पहिली गोष्ट चटई. घरची सतरंजी न्याल तर गुळगुळीत फरशीवर सतरंजीसकट किक पुढे पळेल, प्रत्येक ठोक्याला बोटभर. खालून रबर असलेली जाड चटई घ्या, चार बाय चार फुटांची, आणि स्टूल तिच्यावरच ठेवा. तुमचं वजन चटई धरून ठेवतं.

मग स्टूल. त्यावर बसा, डोळे मिटून पाय सैल सोडा, ते जिथे पडतात तिथे उजवीकडे किकचं पेडल आणि डावीकडे हाय-हॅटचं. दोघांच्या मध्ये स्नेअर, मांडीच्या थोडा वर. मग टॉम, शेवटी सिंबल. ड्रम आधी मांडून मग त्यांत स्वतःला बसवणारे नवखे महिनाभरात पाठ धरून बसतात. घरी एकदा जागा पक्की झाली की प्रत्येक पायाभोवती चटईवर रंगीत चिकटपट्टीने खुणा करा. आधी मला पाऊण तास लागायचा, आता बारा मिनिटं.

कॅफेत आवाज जास्त वाटला तर तारांचा ब्रश किंवा काड्यांच्या जुडीने वाजवा. विकतची जुडी महाग वाटते म्हणून मी खराट्यातल्या सरळ काड्या निवडून, दोन ठिकाणी घट्ट पट्टी गुंडाळून जुडी केली. दोन कार्यक्रम टिकते. किकवर काड्यांचा भुगा पडतो, तो झटकायचा.

घरच्या सरावाला जाळीची हेड किंवा रबरी चकत्या वापरा. नाहीतर प्रत्येक ड्रमवर जुना टॉवेल. रात्री दहा ते सकाळी सहा हे शांततेचे तास २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहेतच, पण सोसायटीत दुपारची दोन ते चार ही वेळ त्याहून कडक असते. कानांत बोळे घाला, छोट्या खोलीत छोटा सेटही कानाला मोठाच.

पावसाळ्यात हेडची चिंता नको. चामड्याची पानं दमट हवेत सैल पडायची म्हणून तर प्लास्टिकची हेड १९५७च्या सुमाराला आली आणि रुळली. गंज धरतो तो लोखंडाला. जूनच्या आधी प्रत्येक रॉड काढून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब लावा, आणि ओल्या पिशवीत सेट रात्रभर ठेवू नका, कितीही दमून आलात तरी.

शेवटी एक छोटी पिशवी, जी स्टिक्सच्या पिशवीतच राहते: ड्रमच्या दोन चाव्या, सिंबलखालचे फेल्ट, स्नेअरच्या तारांची जादा दोरी, चिकटपट्टी. आणि हाय-हॅटचा क्लच, वरची सिंबल दांड्याला धरून ठेवणारा तो बोटाएवढा तुकडा. सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू हीच. ती नसेल तर हाय-हॅट उघडत-मिटत नाही, आणि रविवारी संध्याकाळी ती कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून मी ती पिशवीतही ठेवत नाही. वरच्या सिंबललाच पिळून ठेवतो, म्हणजे सिंबल आली की क्लच आला.